जुन्या मालमोटारीचा गिअरबॉक्स : उघडण्यापूर्वीची तपासणी

दसरा उलटला, सोयाबीनची मळणी आटोपली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की परभणी जिल्ह्यातील रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ वाढते. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड आणि परभणी येथील बाजार समित्यांच्या आवारांत व जिनिंगच्या दारांत वाहनांच्या रांगा लागतात. नेमक्या याच सुमारास जुन्या गाड्या आजारी पडू लागतात. यात दैवाचा भाग फारसा नसतो. पावसाळ्याचे चार महिने जी गाडी काळ्या चिखलात रुतत, ओढ्यांचे पाणी कापीत आणि खताची पोती वाहत चालली, तिच्या क्लचची व गिअरबॉक्सची सहनशक्ती तेव्हाच संपत आलेली असते. पहिल्या जड खेपेस ती गोष्ट केवळ उघडकीस येते.

अशी गाडी बहुधा एकट्याची नसते. दोघा भावांनी, किंवा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून, पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी विकत घेतलेली असते. ती बंद पडली की माल गावातच अडतो. भाड्याचे वाहन हंगामात चढ्या दराने मिळते, किंवा मिळतच नाही. मग दारात आलेला व्यापारी सांगेल त्या भावाने कापूस घालावा लागतो. म्हणून घाई होते, आणि घाईत मिस्त्रीला सांगितले जाते, “गिअरबॉक्स गेला, खोलून टाका.” मिस्त्री खोलतो. सुटे भाग मिळेपर्यंत दातेरी चाके उघड्यावर, धुळीत पडून राहतात. पुष्कळदा अखेरीस असे दिसून येते की, दोष गिअरबॉक्सच्या आत नव्हताच. तो क्लचच्या पॅडलमध्ये, एखाद्या तुटलेल्या रबरी बैठकीत, जॉइंटच्या क्रॉसमध्ये, किंवा नुसत्या कमी झालेल्या तेलात होता.

गिअरबॉक्स खोलणे हे मिस्त्रीचे काम आहे आणि ते त्यानेच करावे. परंतु तो खोलावयाचा की नाही, हे ठरविण्यापूर्वीची तपासणी कोणत्याही चौकस शेतकऱ्यास, चालकास किंवा ग्रामकार्यकर्त्यास करता येण्याजोगी आहे. तीस फार हत्यारे लागत नाहीत. कान, नाक आणि बोटे लागतात, आणि कशानंतर काय पाहावे याचा क्रम लागतो.

आपल्याकडील जुन्या मालमोटारींत गिअर हाताने बदलावे लागतात, म्हणून प्रथम त्यांचाच विचार केला आहे. आपले आपण गिअर बदलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे गिअरबॉक्स परदेशांतील जुन्या ट्रकांत पुष्कळ आढळतात. आपल्या जिल्ह्यात त्यांचे जवळचे भावंड शेततळी खोदणाऱ्या यंत्रांत भेटते. त्याची तपासणी कशी करावी, हे लेखाच्या उत्तरार्धात सांगितले आहे.

शक्तीची वाट

इंजिनाची फिरत चाकांपर्यंत ज्या वाटेने जाते, ती वाट डोळ्यांसमोर असल्याखेरीज दोष शोधता येत नाही. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असते. त्याला क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पॅडल दाबले की प्लेट सुटी होते, सोडले की पुन्हा चिकटते. प्लेटमधून फिरत गिअरबॉक्सच्या पुढील दांड्यात शिरते. हा दांडा खालच्या जोडदांड्यास, ज्याला मिस्त्री लेशाफ्ट म्हणतात, सतत फिरवीत असतो. आणि लेशाफ्टवरील निरनिराळ्या आकारांची चाके वरच्या मुख्य दांड्यावरील चाकांत गुंतलेली असतात. उसाचा चरक ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना दातेरी चाकांचा हा व्यवहार नव्याने सांगावयास नको. लहान चाकाने मोठे चाक फिरविले की वेग घटतो व जोर वाढतो. पहिल्या गिअरमध्ये हेच घडते. गिअरबॉक्समधून पुढे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांचे क्रॉस, मग डिफरेन्शियलमधील क्राऊन व पिनियन, आणि शेवटी ॲक्सल व चाके.

एक गोष्ट येथेच मनात ठसवावी. सरळ गिअरमध्ये, म्हणजे जुन्या चार गिअरच्या गाडीत बहुधा चौथ्या गिअरमध्ये, पुढचा दांडा व मुख्य दांडा एकमेकांत थेट अडकतात. लेशाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर ओझे नसते. पाच गिअरच्या गाड्यांत काहींचा पाचवा गिअर सरळ असतो, तर काहींचा चौथा. हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. पुढे आवाजाचा उगम शोधताना या एका गोष्टीचा मोठा उपयोग होतो.

चालकाची साक्ष

गाडीखाली शिरण्यापूर्वी चालकास शांतपणे विचारावे. दोष प्रथम केव्हा जाणवला? सकाळी थंड गाडीत की दोन तास चालल्यावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? जोर देताना की ॲक्सिलरेटर सोडल्यावर? एकाच गिअरमध्ये की सर्वांत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या आधी गाडीचे कोणते काम केले होते? नवी क्लच प्लेट बसविल्यापासून गिअर पडेनासा झाला असेल, तर गिअरबॉक्सवर संशय घेण्यास कारण उरत नाही. तेल बदलल्यापासून खरखर सुरू झाली असेल, तर कोणते तेल घातले ते आधी शोधावे.

मालक रागावून विचारू लागला की खरे उत्तर मिळत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. गाडी शेताच्या वाटेत रुतली होती आणि ती काढताना अर्धा तास क्लच जाळला, हे कोणता चालक मालकाच्या तोंडावर सांगेल? म्हणून ही विचारपूस ग्रामकार्यकर्त्याने बाजूला नेऊन केलेली बरी.

उभ्या गाडीची तपासणी

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये.

प्रथम तेल. गिअरबॉक्सच्या कुशीत एक बूच असते. ते काढल्यावर तेल भोकाच्या कडेपर्यंत लागले पाहिजे. बोट आत घालून तेल लागत नसेल, तर ते कमी आहे. थोडे तेल बोटांत चोळून पाहावे व हुंगावे. दुधाळ, ताकासारखे दिसणारे तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून गाडी नेल्यावर हे घडते, त्याचे कारण मोठे मजेदार आहे: चालून तापलेला गिअरबॉक्स किंवा डिफरेन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि सीलच्या फटीतून वा हवा जाण्याच्या छिद्रातून पाणी आत ओढून घेते. पावसाळा संपताच दोन्ही ठिकाणचे तेल एकदा पाहणे याचसाठी आवश्यक आहे. काळे पडलेले व करपल्याचा वास येणारे तेल गिअरबॉक्स अति तापल्याचे सांगते. मात्र गिअरच्या तेलाला मुळातच गंधकासारखा उग्र वास असतो. त्यास करपल्याचा वास समजू नये.

खालच्या बुचावर बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर राखेसारखा मऊ, करडा लेप आढळल्यास घाबरू नये. ती नित्याची झीज होय. चमकणारे लोखंडी कपचे किंवा दाताचा तुकडा हाती लागला, तर गाडी तेथेच थांबवावी. पितळी चुरा चुंबकास चिकटत नाही. काढलेले तेल परातीत घेऊन उन्हात धरले की तो सोन्यासारखा चमकतो, आणि तो पुष्कळ असेल तर सिंक्रो रिंगा झिजत आहेत असे समजावे. येथेच तेलाच्या जातीविषयी सांगणे प्राप्त आहे. डिफरेन्शियलसाठी असलेले जीएल-५ जातीचे तेल पितळी रिंगांना बाधू शकते. ज्या गिअरबॉक्सला निर्मात्याने जीएल-४ तेल सांगितले आहे, त्यात ‘चांगले, महाग तेल’ म्हणून दुसरे ओतू नये.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा बाहेर पडण्याचे एक बारीक छिद्र असते. आमच्या काळ्या मातीने ते हमखास बुजते. मग तापलेली हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. मालक नवे सील बसवितो, महिन्याने पुन्हा गळती. एका तारेने छिद्र मोकळे केले असते तर सीलचे पैसे वाचले असते.

त्यानंतर इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी बैठकांवर टेकलेले असतात त्या पाहाव्यात. रबर फाटले असल्यास जोर देताना सारा गिअरबॉक्स हलतो आणि गिअर आपोआप निसटतो. प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून दोन्ही दिशांना पिळून पाहावा. क्रॉसमध्ये खडखड जाणवली, तर गाडी हलताना येणारा ‘ठक्’ आवाज तेथूनच येतो. शेवटी गिअर-लिव्हरचे सांधे पाहावेत. केबिनमध्ये घातलेली जाड चटई लिव्हरला अडविते म्हणून गिअर पूर्ण पडत नव्हता, असेही आम्ही पाहिले आहे.

आवाज कोठून येतो

गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, इंजिन मंद चालू ठेवावे. पॅडल सोडलेले असताना क्लच प्लेट, पुढचा दांडा व लेशाफ्ट फिरत असतात. आता पॅडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे. आतील चाके थांबतात. पॅडल दाबताच घुरघुर नाहीशी होत असेल, तर पुढच्या दांड्याचे किंवा लेशाफ्टचे बेअरिंग झिजले आहे. हा गिअरबॉक्सच्या आतील दोष होय. उलट पॅडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा, क्वचित फ्लायव्हीलच्या मध्यावरील लहान बेअरिंगचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो खरा, पण खोलावा लागत नाही. मजुरीत आणि सुट्या भागांच्या किमतीत याने मोठे अंतर पडते.

मग गाडी रस्त्यावर न्यावी. कल्याण-निर्मल महामार्गावरील एखादा मोकळा, सपाट तुकडा यास उत्तम. गर्दीच्या वेळी ही परीक्षा करू नये. एकेक गिअर टाकून ऐकत जावे. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्याच गिअरची चाके. खालच्या सर्व गिअरमध्ये येऊन सरळ गिअरमध्ये जवळजवळ थांबत असेल, तर लेशाफ्ट व त्याची बेअरिंगे. कारण सरळ गिअरमध्ये त्याच्यावरील ओझे उतरते, हे वर सांगितलेच आहे. सर्व गिअरमध्ये सारखाच येत असेल आणि गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तरी वेगाबरोबर राहत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात नाही. शेवटचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, डिफरेन्शियल अथवा चाके यांत शोधावा. जोर देताना एक सूर आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा सूर लागत असेल, तर क्राऊन-पिनियन. फक्त वळणावरच कडकड होत असेल, तर डिफरेन्शियलमधील लहान चाके.

या शेवटच्या प्रकारात प्रस्तुत लेखकाची एकदा चांगलीच फसगत झाली. एका शेतकऱ्याच्या टेम्पोतून वेगाबरोबर वाढणारी गुणगुण येत होती. गिअर काढला तरी ती थांबत नव्हती. मी मोठ्या आत्मविश्वासाने डिफरेन्शियल सांगितले. मिस्त्रीने तो उतरविला, क्राऊन-पिनियन उत्तम निघाले. दोष मागील डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये होता. गाडी चालत असता स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे वळविले असते, तर ओझे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताच आवाज बदललेला कळला असता. निदान गाडी थांबल्यावर चाकांच्या तुंब्यांना हात लावून कोणता अधिक तापला आहे हे पाहावयास हवे होते. त्या शेतकऱ्याने मजुरी निमूटपणे दिली, याचे मला आजही वाईट वाटते. असमान झिजलेले टायरही असाच आवाज करतात. डांबरी रस्ता सोडून मातीवर येताच तो थांबला, तर टायरच समजावे.

खरखर आणि निसटणे

गिअर टाकताना खरखर झाली की सर्वजण गिअरबॉक्सला दोष देतात. येथे एक सोपी कसोटी आहे. गाडी उभी, इंजिन मंद. पॅडल पूर्ण दाबून मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली, तर आतील चाके अजून फिरत आहेत, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. पॅडलचा मोकळा चाल जास्त असणे, तेलावरील क्लचमध्ये हवा शिरणे किंवा तेल कमी होणे, प्लेट वाकडी होणे, ही त्याची कारणे होत. अशा गाडीचा गिअरबॉक्स खोलणे म्हणजे दुखणे पायाला आणि औषध डोळ्यांत. उलट थांबून टाकलेला रिव्हर्स निमूटपणे पडत असेल आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा गिअर टाकतानाच खरखर होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. ही झीज एका दिवसात वाढत नाही. चालकाने क्षणभर थांबून, दोनदा क्लच दाबून गिअर टाकला, तर हंगाम निभावून नेता येतो व दुरुस्ती उन्हाळ्यावर ढकलता येते.

गिअर निसटत असेल, तर बैठका, लिव्हर व त्याचे सांधे आधी तपासावेत, हे आलेच. ते ठीक असतील, तर गिअर जागी धरून ठेवणारी गोळी व तिची स्प्रिंग पाहावी; अनेक गाड्यांत ती वरचे झाकण काढूनच बदलता येते. एवढे सर्व पाहिल्यावरच फोर्क किंवा चाकांच्या दातांची झीज गृहीत धरावी. निसटणारा गिअर हाताने दाबून धरून गाडी हाकण्याची सवय फार वाईट. तिने फोर्क झिजतो आणि पाचशे रुपयांच्या जागी पाच हजारांची गोष्ट होते. उताराच्या रस्त्यावर, विशेषतः गंगाखेडच्या दक्षिणेस बालाघाटाच्या बाजूने भरलेली गाडी उतरताना, निसटणारा गिअर हा जिवाशी खेळ आहे. इंजिनाचा आवर एकाएकी सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. असा दोष असलेली गाडी तिकडे नेऊच नये.

काळी जमीन आणि क्लच

‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीत इंजिन गुरगुरते, वेग मात्र वाढत नाही. चढावर, भरलेल्या गाडीत हे प्रथम जाणवते आणि पाठोपाठ जळका वास येतो. क्लच घसरत आहे. खात्री करून घेण्यासाठी मोकळ्या, सपाट जागी, समोर-मागे कोणी माणूस नाही हे पाहून, हॅन्डब्रेक पक्का ओढावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा, इंजिनास थोडा वेग देऊन पॅडल हळूहळू सोडावे. क्लच धडधाकट असेल तर इंजिन तत्काळ बंद पडेल. ते चालूच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी; दहादा करणारा स्वतःच प्लेट जाळतो.

घसरण्याचे कारण नेहमीच झिजलेली प्लेट असते असे नाही. पॅडलला वरच्या बाजूस बोटाने दाबता येईल इतका मोकळा चाल हवा; जुन्या गाड्यांत तो साधारण दोन-तीन सेंटिमीटर असतो, नेमके माप पुस्तिकेत मिळते. तो मुळीच नसेल तर प्लेट नेहमीच अर्धवट सुटलेली राहते, आणि तारेचा किंवा दांडीचा नट फिरवून विनाखर्च दोष जातो. दुसरे कारण म्हणजे प्लेटवर तेल उतरणे. क्लचच्या घराखालील छिद्रातून ठिबकणारे तेल बोटावर घ्यावे: काळे व पातळ असेल तर ते इंजिनाच्या मागील सीलचे, दाट व गंधकाच्या वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढील सीलचे. सील न बदलता नुसती नवी प्लेट घातली, तर ती महिन्याभरात पुन्हा तेलात भिजेल.

परंतु या जिल्ह्यात क्लचचा खरा वैरी आपली काळी जमीनच आहे. ओली काळी माती चाकास चिकटते, दोन चाकांमधील जागा भरून टाकते, आणि रुतलेल्या गाडीचा चालक अर्धे पॅडल दाबून इंजिन भरधाव सोडतो. त्या काही मिनिटांत प्लेटची जेवढी झीज होते, तेवढी डांबरी रस्त्यावर कित्येक महिन्यांत होत नाही. रुतलेल्या गाडीतील माल उतरवावा, चाकांतील माती खुरप्याने काढावी, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या मोळ्या चाकाखाली घालाव्यात, आणि मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये संथपणे काढावी. ट्रॅक्टर जवळ असेल तर सरळ दोर बांधावा.

तेलावर चालणारे गिअरबॉक्स

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, आणि खोदाईची यंत्रे गावोगाव पोचली. पुढे मोठे फावडे व मागे लांब सोंड असलेल्या या यंत्रास, ते कोणत्याही कारखान्याचे असो, लोक जेसीबीच म्हणतात. अशा पुष्कळ यंत्रांत क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि पुढे-मागे जाण्याची निवड तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या प्लेटांच्या जुडग्यांनी होते. परदेशांतील जुन्या स्वयंचलित ट्रकांचे मूळ तत्त्व हेच आहे. तेथे गिअर बदलण्याचे कामही तेलाचा दाबच करतो.

टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले, आणि तेही मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की कन्व्हर्टरचे निम्मे रहस्य कळते. उरलेले निम्मे म्हणजे मधोमध बसविलेला तिसरा पंखा; तो परतणारे तेल योग्य दिशेस वळवितो व त्यामुळे जोर वाढतो.

येथेही क्रम तोच. आधी तेल, मग बाहेरील तारा व सांधे, मग चालवून परीक्षा, आणि खोलणे सर्वांत शेवटी. तेलाची पातळी पाहण्याची रीत मात्र वेगळी. अनेक स्वयंचलित गिअरबॉक्सांत ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम असतानाच पाहावी लागते. आपल्या यंत्राची रीत पुस्तिकेत पाहावी, कारण चुकीच्या रीतीने पाहिलेली पातळी न पाहिल्याहून वाईट. तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास येत असेल, तर प्लेटांचे अस्तर जळले आहे. ते दुधाळ झाले असेल, तर रेडिएटरमधील पाणीही पाहावे. ज्या गाड्यांत तेल थंड करण्याची नळी रेडिएटरमध्येच असते, तेथे ती फुटून पाणी व तेल एकत्र होतात.

लिव्हर टाकल्यावर यंत्र दोन-तीन सेकंद विचार करून मग हलत असेल, तर बहुधा तेल कमी आहे किंवा गाळणी तुंबली आहे. सकाळी चांगले चालून दुपारी, उन्हाळ्यातील ४२-४३ अंशांच्या उष्णतेत, ओढेनासे होत असेल, तर पंप अथवा सील झिजले आहेत. तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून निसटते व दाब पडतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखेच घसरत असेल, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे तेल, गाळणी, पंप अथवा कन्व्हर्टर येथे. फक्त पुढे जाताना घसरते, मागे जाताना नाही, तर पुढच्या जुडग्यात. मुळीच हलत नसेल, तर प्रथम फ्यूज व लिव्हरपासून निघणाऱ्या विजेच्या तारा पाहाव्यात. तेलाची वाट उघडणारे झडप विजेवर चालत असेल, तर उंदराने कुरतडलेली एक तार सारे यंत्र जागी खिळवून ठेवते. जुन्या स्वयंचलित ट्रकांत गिअर उशिरा किंवा धक्क्याने बदलत असेल, तर ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी तार, आणि पेट्रोल इंजिन असेल तर निर्वाताची रबरी नळी, आधी पाहतात. नळीला गेलेली भेग पुष्कळदा पुरे गिअरबॉक्स बिघडल्याचा भास उत्पन्न करते.

ब्रेक दाबून, गिअर टाकून इंजिन पूर्ण वेगाने चालविण्याची एक परीक्षा जाणते मिस्त्री करतात. इंजिनाचे फेरे नेमून दिलेल्या आकड्याहून वर गेले, तर प्लेटा घसरत आहेत. खाली राहिले, तर इंजिनच अशक्त आहे, किंवा कन्व्हर्टरमधील मधला पंखा सैल झाला आहे. या परीक्षेत तेल काही सेकंदांत भयंकर तापते आणि ब्रेक सुटल्यास यंत्र उसळी घेते. ती घरी करू नये.

बंद पडलेले असे वाहन धक्का मारून सुरू होत नाही. आतील पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलेले असता दाबच नसतो, मग चाकांची फिरत इंजिनापर्यंत पोचणार कशी? याच कारणास्तव त्यास दूरवर ओढूनही नेऊ नये. चाके फिरतात, पण पंप थांबलेला असल्याने तेल कोठेही पोचत नाही आणि चांगली बेअरिंगे जळतात. ओढणे भागच असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा किंवा चालती चाके उचलून घ्यावीत.

खोलणे अटळ ठरले तर

एवढ्या तपासणीनंतर दोष आतच आहे असे ठरले, तर आढळलेल्या गोष्टी कागदावर लिहून मिस्त्रीच्या हाती द्याव्यात: आवाज कोणत्या गिअरमध्ये, पॅडल दाबल्यावर की सोडल्यावर, तेलात काय सापडले. ‘गिअरबॉक्स खराब’ एवढेच सांगणाऱ्या मालकास मिस्त्री सर्व भागांची यादी देतो, आणि त्यात त्याचीही फारशी चूक नसते. जुने भाग परत मागून घ्यावेत व झीज डोळ्यांनी पाहावी. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर पुढील सील व रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलावे. त्यांच्यासाठी पुन्हा उतरविण्याची मजुरी त्यांच्या किमतीहून अधिक पडते. खोललेले भाग धुतल्यावर पोत्यावर न ठेवता स्वच्छ कापडाने झाकावेत.

गिअरबॉक्स बसवून तेल भरल्यावर बुचे पुन्हा एकदा हाताने तपासावीत. नव्या भागांचा सुरुवातीचा चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिल्या काही शेकडा किलोमीटरनंतर ते तेल काढून नवे भरावे, आणि त्या वेळी खालच्या बुचावरील चुंबक पुन्हा पाहावा.